गुडघा दुखणाऱ्या मुलांचा खेळ बंद करू नका, सराव मोजून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची संख्या वाढते, आणि त्यातल्या बहुतेकांना घरून, शाळेतून किंवा शेजारून दोनपैकी एक सल्ला आधीच मिळालेला असतो. ‘पोऱ्या वाढी ऱ्हायना, पाय दुखतीनच’ (पोरगा वाढतोय, पाय दुखणारच) असे म्हणून दुखणे अंगावर काढायला लावणे हा पहिला सल्ला, आणि सहा महिने खेळ पूर्ण बंद हा दुसरा. शहादा परिसरात फिजिओथेरपीचा व्यवसाय करताना माझे मत असे झाले आहे की या दोन्ही सल्ल्यांनी मुलांचे नुकसानच होते, आणि ज्या मधल्या वाटेने बहुतेक मुले बरी होतात ती वाट जवळजवळ फुकट असूनही आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. पालक आणि विशेषतः क्रीडाशिक्षक यांच्यापर्यंत ती पोहोचावी म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात हे दुखणे होते कशामुळे, ते आधी सांगायला हवे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरून असतो आणि वाटीच्या खालून निघालेली जाड पट्टी नडगीच्या हाडावर, वाटीपासून दोन-तीन बोटे खाली हाताला लागणाऱ्या उंचवट्याला, जोडलेली असते. मोठ्या माणसात हा उंचवटा पक्के हाड असतो. वाढत्या मुलात मात्र तिथे अजून कूर्चा असते आणि तिचे हळूहळू हाड होत असते. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, आणि नेमक्या त्याच काळात पळणे, उड्या मारणे, झटक्यात थांबणे, बसून उठणे यांमुळे त्या कोवळ्या जागेला दिवसातून शेकडो वेळा ओढ बसते. ती सोसेनाशी झाली की जागा दुखू लागते, दाबली की मूल कळवळते, आणि काही महिन्यांत गुडघ्याखाली टेंगूळ दिसू लागते. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे याचे वर्णन केले, म्हणून त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. दुखणे वाटीच्या अगदी खालच्या टोकाशी असेल तर त्याचे नाव वेगळे, पण कारण आणि उपचार जवळपास तेच. वाटीच्या भोवती किंवा मागे दुखणे, जिना उतरताना आणि वर्गात फार वेळ बसल्यावर वाढणे, हा किशोरवयीन मुलींमध्ये अधिक दिसणारा तिसरा प्रकार. त्यात मांडीच्या जोडीने खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात.

लहान मुले रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडत उठतात आणि सकाळी काही झालेच नाही अशी पळत सुटतात, ते दुखणे याहून वेगळे. ते दोन्ही पायांत, सांधा सोडून स्नायूंत असते आणि खेळण्याशी त्याचा थेट संबंध नसतो. ऑसगुड-श्लॅटरचे दुखणे बोट ठेवून दाखवता येते आणि मैदानावर वाढते.

आपल्याकडे खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल हे शाळांचे खेळ, आणि त्यांतला खो-खो या जागेला सर्वांत जास्त ताण देणारा आहे असे मला वाटते. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू गुडघे पूर्ण दुमडून चौकात बसलेले असतात आणि ‘खो’ मिळताच त्यांना त्या अवस्थेतून एका झेपेत सुटायचे असते. मध्यंतरी जवळच्या एका गावातून आठवीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वर्षभरात तिची उंची इतकी वाढली होती की शाळेचा गणवेश दुसऱ्यांदा शिवावा लागला होता. ‘‘कुठे दुखतं?’’ असे विचारल्यावर तिने एका बोटाने नेमकी जागा दाखवली. ‘‘बसून राहिले तर चालतं मॅडम, खो मिळाल्यावर उठताना कळ येते,’’ हे तिचे एक वाक्य निदानाला जवळजवळ पुरेसे होते. खाटेच्या कडेला बसवून पाय खाली सोडायला सांगितले, बाजूने पाहिले तर उजव्या गुडघ्याखालचा उंचवटा डाव्यापेक्षा ठसठशीत दिसत होता. अंगठ्याने हलकेच दाबताच तिने माझे मनगट धरले. नंतर हाताचा अडसर देऊन गुडघा सरळ करायला सांगितला, तेव्हा तीच कळ पुन्हा आली. खुबा मोकळा फिरत होता, सांध्यात पाणी नव्हते, ताप नव्हता. वडील मात्र पुन्हा पुन्हा ‘‘एक फोटो काढून घ्या ना मॅडम’’ म्हणत होते. लक्षणे इतकी सरळ असताना एक्स-रेने उपचारात काही फरक पडत नाही हे त्यांना पटवण्यात तपासणीपेक्षा जास्त वेळ गेला.

त्या मुलीला शाळेतून सांगण्यात आले होते की स्पर्धा होईपर्यंत गुडघ्याला पट्टा बांधून खेळ, मग बघू. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यावर संघ जिंकवण्याचे ओझे असते आणि पालकांच्या डोळ्यांपुढे दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण असतात. पण ताण कमी न करता खेळत राहिल्याने दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते, मूल लंगडत पळू लागते आणि लंगडण्याने दुसराच पाय धरतो. याउलट पूर्ण विश्रांती दिली तर सुरुवातीला दुखणे थांबते खरे, पण त्या काळात मांडीचा स्नायू कमकुवत होतो, आणि सहा महिन्यांनी मूल एकदम पूर्वीच्याच जोमाने मैदानात उतरले की आठवडाभरात पुन्हा तिथेच येऊन ठेपते. शिवाय तेराव्या वर्षी संघाबाहेर काढलेली मुलगी पुन्हा मैदानावर येतेच असे नाही. आमच्या भागात मुलींना खेळू देणारी घरे अजून मोजकीच आहेत, आणि ‘डॉक्टरांनी नको म्हटलंय’ हे कारण मिळाले की तो विषय कायमचाच संपतो.

मधली वाट म्हणजे ताण मोजून देणे. मुलाला शून्य ते दहा असे दुखण्याचे माप शिकवायचे: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. दहा वर्षांचे मूलही हे चटकन शिकते आणि बरेचदा मोठ्यांपेक्षा प्रामाणिकपणे सांगते. सरावात दुखणे दोनपर्यंत असेल तर चालू द्यावे, तीन ते पाच झाले तर त्या दिवशी उड्या आणि बैठे प्रकार कमी करावेत, त्याच्या वर गेले की थांबवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या दिवशीच्या सरावाआधीच्या पातळीवर परत आले नसेल तर कालचा सराव जास्त झाला असे समजावे. खो-खोच्या मुलीला पहिले काही आठवडे चौकात न बसवता उभ्याने दिशा बदलण्याचा, हात लावण्याचा सराव देता येतो. कबड्डीच्या मुलाला गुडघ्यावर पडण्याचे प्रकार वगळून चढाईच्या पायांची लय शिकवता येते. मुलगा संघासोबत मैदानावर राहतो, फक्त त्याच्या सरावाचा हिशेब वेगळा असतो.

ताण कमी करणे हा अर्धा उपचार झाला. त्याच वेळी स्नायू बळकट करावे लागतात, आणि त्यांची सुरुवात अशा व्यायामांनी करावी लागते ज्यांत स्नायू आवळला जातो पण गुडघा हलत नाही. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवायची आणि मांडी आवळून ती घडी खाली दाबून धरायची. पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलून धरायची. हे जमले आणि दुखणे उतरले की भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसायचे, गुडघा काटकोनापर्यंत न नेता, सुरुवातीला जेमतेम वीस-तीस सेकंद. पहिला महिना असा गेल्यावर हळूहळू बैठका, एक पाय पुढे टाकून वाकणे, मग सावकाश पळणे, मग उड्या, आणि शेवटी पूर्ण खेळ. यासाठी भिंत, सतरंजी आणि रोजची दहा-पंधरा मिनिटे एवढेच लागते. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांवर साधारण याच पद्धतीने झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांनी ८० टक्के आणि वर्षाने ९० टक्के मुलांनी आपल्याला चांगला फरक पडल्याचे सांगितले. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला पालकांना सांगावासा वाटतो: बारा आठवड्यांनी पूर्वीसारखे खेळू लागलेली मुले फक्त १६ टक्के होती, वर्षाने ती ६९ टक्के झाली. बरे वाटणे आणि मैदानाला तयार होणे यांत महिन्यांचे अंतर असते. ‘पुढच्या मंगळवारी जिल्ह्याची मॅच आहे, तोवर बरं करा’ ही मागणी कोणत्याही प्रामाणिक उपचारात बसत नाही.

या वयातल्या मुलाच्या दिवसात मैदानाबाहेरही गुडघ्यावर ताण येतच असतो आणि त्याचा विचार क्वचितच होतो. योगासनांच्या तासाला वज्रासनात सगळा भार नेमका त्या दुखऱ्या उंचवट्यावर येतो. सूर्यनमस्कारात मागचा गुडघा फरशीवर टेकतो तेव्हाही तेच. अशा मुलाला वज्रासनाऐवजी मांडी घालून बसू द्यावे, गुडघ्याखाली आसनाची घडी द्यावी. उठाबशांची शिक्षा आता शाळांतून हद्दपार व्हायलाच हवी होती; गुडघा दुखणाऱ्या मुलाला ती देणे तर केवळ क्रूरपणा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या सायकली ही आपल्या भागातली फार चांगली गोष्ट आहे, पण आठवीत बसवलेली सीट मुलगी उंच झाली तरी बहुधा तिथेच राहते आणि शाळेपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक पायडलला गुडघा नको तितका वाकतो. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्यायला पाना आणि दोन मिनिटे लागतात. मोठ्या मुलांमध्ये पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी आता पंधराव्या-सोळाव्या वर्षीच डांबरी रस्त्यावर, कुणाच्याही देखरेखीशिवाय सुरू होते. तिथेही दुखू लागल्यावर अंतर कमी करण्याऐवजी वाढवण्याची रीत आहे.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात सांगायचे तर दुखऱ्या टेंगळावर तेल लावून जोराने रगडणे थांबवावे. ते हाड ‘बसवून’ बसत नाही, उलट चिडते. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावल्याने आराम पडतो. ज्यांना तो लावू नये त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नी-कॅपने काहींना बरे वाटते, पण ती घालून सराव तसाच चालू ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. या जागेवर स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये. कॅल्शियमच्या गोळ्या मुलाच्या आहारात कमतरता असेल तर जरूर द्याव्यात, पण हे दुखणे कॅल्शियम कमी पडल्याने झालेले नसते. माझ्याच व्यवसायातल्यांना न आवडणारी गोष्टही लिहिते: या मुलांना दहा-दहा दिवस बोलावून गुडघ्याला मशीन लावत बसण्याची गरज नसते. एकदा नीट तपासणी, एकदा व्यायाम शिकवणे आणि मग काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे, एवढ्यात बहुतेकांचे काम होते. धडगावच्या डोंगरातून घाट उतरून येणाऱ्या कुटुंबाला रोज येणे शक्यही नसते, आणि ते न आल्याने त्यांचे काही बिघडतही नाही. गुडघ्याखालचे टेंगूळ मात्र काहींना आयुष्यभर राहते, टेकल्यावर थोडे खुपते, आणि त्यापलीकडे ते निरुपद्रवी असते, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

आता अपवाद, आणि ते आपल्या भागात अधिक काळजीने पाहायला हवेत. सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूरपासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत, आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या आजारात हाडे दुखण्याचे झटके येतात, आणि खेळातल्या दमछाकीने, पाणी कमी पडल्याने किंवा थंडीने ते सुरू होऊ शकतात. अशा मुलाच्या गुडघ्याला बर्फ लावणे अपायकारक ठरू शकते, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्रास वाढतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजू शकतो आणि ते दुखणे मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. म्हणून या पट्ट्यातल्या मुलाला बर्फ किंवा व्यायाम सांगण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारणे मी आवश्यक मानते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आहे आणि त्या तपासणीत मुलाला मिळालेले कार्ड दवाखान्यात येताना बरोबर आणावे, एवढी विनंती शाळांनी पालकांना करावी.

सिकलसेल नसला तरी गुडघ्याचे दुखणे खुब्यातून येऊ शकते. विशेषतः वजन जास्त असलेला मुलगा लंगडत, पाऊल बाहेर वळवून चालत असेल आणि खुबा आत फिरवताना अडत असेल, तर मांडीच्या हाडाचे टोक वाढीच्या थरावरून सरकलेले असण्याची शक्यता असते. त्याला चालवत न नेता लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. तिथे दिवस घालवणे महागात पडते. उडी मारताना अचानक कट्‌कन आवाज होऊन पाय टेकवेनासा झाला तर ती जागा तुटलेली असू शकते. ताप, सांध्याची सूज, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन घटणे, खेळाशी संबंध नसलेले आणि रात्री झोपेतून उठवणारे एकाच जागेचे दुखणे, वाढत जाणारी गाठ, यांतले काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून तपासण्या कराव्यात. किशोरवयातल्या हाडाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी गुडघ्याच्या वर-खालीच होतात. त्या दुर्मीळ आहेत, पण ‘वाढीचं दुखणं’ म्हणून त्यांत महिने जाऊ देणे परवडणारे नाही.

यासाठी नवी योजना काढायला कोणी सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातातच. ती मुलांची उंची मोजतात, वजन घेतात, डोळे-दात पाहतात. सहावी ते दहावीच्या मुलांना त्यांनी ‘खेळताना गुडघा दुखतो का’ आणि ‘रात्री दुखण्याने जाग येते का’ हे दोन प्रश्न विचारले, तर कोणाला व्यायाम शिकवायचा आणि कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचे हे तिथेच ठरू लागेल. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या फिजिओथेरपिस्टनी स्पर्धांच्या आधी क्रीडाशिक्षकांसाठी तालुक्यागणिक एक दुपार दिली, तर प्रत्येक मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी आणावे लागणार नाही. ज्या शाळांत क्रीडाशिक्षकाचे पदच नाही आणि गणिताचे किंवा भूगोलाचे शिक्षक संघ घेऊन जातात, तिथे या दुपारचा उपयोग सर्वांत जास्त होईल.

तालुका क्रीडा समित्यांनाही एक विनंती आहे. चपळ मूल एकच असते आणि शाळा त्यालाच खो-खो, कबड्डी आणि लांब उडी अशा तिन्ही ठिकाणी उतरवते, आणि हे सामने पुष्कळदा एकाच आठवड्यात, काही वेळा एकाच दिवशी, पावसाने चिकट झालेल्या किंवा ऊन पडून दगडासारख्या झालेल्या काळ्या मातीच्या मैदानावर होतात. १४ वर्षांखालील गटात एका खेळाडूने एका दिवसात किती प्रकारांत उतरावे याला समितीने मर्यादा घालावी आणि वेळापत्रक आखतानाच ती पाळली जाईल असे पाहावे. ज्या शाळांना मुलांना शिकवायच्या व्यायामांची माहिती हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास मी ती मराठीत लिहून विनामूल्य पाठवीन.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
शहादा, जि. नंदुरबार